जहाजातली विहीर

बायकोच्या नोकरीची बहुतेक वर्षं समुद्राकाठी गेली. आजारपणात मात्र ती नागपूरला, आमच्या प्रताप नगरच्या घरी परत आली आणि जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून काम करू लागली. ती जहाजांचे आराखडे करायची. या वेळचं जहाज ध्रुवाजवळच्या समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांसाठी होतं, बर्फ फोडत जाणारं. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेलो. मला वाटायचं, असं जहाज सुरीसारखं बर्फ कापत जात असेल.

"कापत नाही," ती म्हणाली. "नाक वर करून बर्फावर चढते आन् आपल्या वजनानं त्याले खाली बसवते. तुम्ही सोफ्याचं केलं तसं."

या जहाजाच्या मधोमध तिला एक विहीर हवी होती. तळातून थेट समुद्रात उघडणारी, चारही बाजूंनी उंच भिंतींनी बंद आणि वर छप्पर असलेली चौकोनी पोकळी. एरवी उपकरणं कठड्यावरून पाण्यात सोडतात. बर्फात तिथे तरंगते तुकडे दोराला घासतात, आणि दोर धरणाऱ्यांची बोटं बधिर होतात. तरुणपणी ती अशा एका सफरीवर गेली होती. हातमोजे काढून दोराच्या कडीत लोखंडी खिळी बसवताना तिच्या बोटांची कातडी लोखंडाला चिकटून सोलली गेली होती. विहीर असली की माणूस आत, उबेत उभा राहून काम करतो. पण विहीर जागा खाते. शास्त्रज्ञांना मोठी प्रयोगशाळा हवी होती, आणि तिच्या बहुतेक सहकाऱ्यांचं मत विहीर काढून टाकावी असं झालं होतं.

ऑनलाइन बैठकीत ती विहिरीसाठी भांडायची. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्या शेजारी बसून ऐकायच्या.

"काहून भांडतं वं इतकी? दम लागते ना तुले."

"दम आहे तोवर भांडून घेते, आई."

मे महिन्यातल्या एका बैठकीत तिच्या एका सहकारी बाईंनी विचारलं, "मॅडम, ताज्या हवेची तोंडं समोरच्या बाजूला का ठेवली? जहाज पुढे निघालं की वाऱ्याबरोबर सगळा बर्फाचा भुगा त्यातून आत येईल."

ती आराखड्याकडे बघत राहिली. मग तिने खिडकीकडे पाहिलं. तिथे आमचा कूलर घरघरत होता. वारा येतो त्या बाजूला हवेचं तोंड ठेवायचं, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. तिने माइक बंद केला आणि खोकला येईपर्यंत हसली.

"अवो, मी ध्रुवावर कूलर लावून राहिली."

माइक सुरू करून तिने तेच बैठकीत सांगितलं. तिकडेही हसू फुटलं. नंतर तिने हवेची तोंडं मागच्या आडोशाला नेली. त्यामुळे पुढची पंख्यांची खोली आणि लांबलचक नळ्या लागेनाशा झाल्या, आणि त्या रिकाम्या जागेत तिने प्रयोगशाळेचा निम्मा भाग बसवला. आता विहीर आणि प्रयोगशाळा, दोन्ही मावत होत्या. मान्य व्हायचं तेवढं बाकी होतं.

मान्यतेची बैठक लांबत लांबत थंडीवर गेली. माझी बायको दिवाळीआधीच गेली.

त्याच सहकारी बाईंचा फोन आला तेव्हा मी तिची पुस्तकं पुसत होतो. एक पुसायचं, मग थोडं वाचायचं, असं ते काम बरेच दिवस चाललं होतं.

"सर, विहीर कायम राहिली," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळा मॅडमनी दाखवली होती तिथेच."

मला पुष्कळ बोलायचं होतं. "बरं झालं," एवढंच म्हणालो. त्यांनी फोन लगेच ठेवला नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी जाऊन सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"मंग तिथं काम करणाऱ्या पोरींची बोटं नाही ना सोलणार?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. पदराने डोळे पुसले आणि शेंगांचा अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. मी खाली बसलो.