शीर दिसेनाशी झाली

जेवून जागेवर आले तर शेजारची टेस्टर स्क्रीनला नाक लावून बसली होती. इथल्याच सारसोळे गावातली मुलगी, एरवी फार बोलत नाही.

"मॅडम, हितली शीर गेली. मगाशी होती, आता नाय."

नेरूळच्या आमच्या छोट्या ऑफिसात स्कॅनवरून शरीराच्या आतलं थ्रीडी चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर बनतं. सर्जन ते फिरवून बघतात आणि कुठून कापायचं ते ठरवतात. तिच्यासमोर चाचणीचं लिव्हर होतं. चित्र स्वच्छ, देखणं, कुठेही एरर नाही. फक्त एक बारीक रक्तवाहिनी नव्हती. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला, तर होती! प्रोग्राम सरळ बंद पडला असता तर बरं वाटलं असतं.

कोड उघडला. चित्रातला प्रत्येक ठिपका कसा रंगवायचा हे सांगणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, आम्ही सी भाषेतल्या एका लायब्ररीकडून तयार करून घेतो. ती शेडर हातात देत नाही, स्वतःच्या मेमरीत तो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता देते. काम झालं की जागा मोकळी करायला आपणच सांगायचं. नव्या आवृत्तीत ही जागा मोकळी करायची ओळ शेडर वापरण्याच्या आधी सरकली होती. पत्ता तोच, पण कधीकधी तिथे हाडांचा शेडर येऊन बसायचा. दोघांत फरक फक्त किती दाट भाग दाखवायचा त्या एका आकड्याचा, लांबी सारखीच. ग्राफिक्स कार्ड बिनतक्रार तो चालवायचं आणि बारीक शिरा गाळायचं.

ती आवृत्ती पनवेलच्या एका सर्जनकडे चालू होती.

"आधी कन्फर्म कर," टीम लीड म्हणाले. "उगाच त्यांना टेन्शन नको."

तरी मी सर्जनना फोन लावला.

"डॉक्टर, आमच्या चित्रावर भरवसा ठेवू नका."

"आत्ता सांगताय? पेशंटला आत घेतलंय."

"काही शिरा गायब होतायत. तुमच्या केसमध्ये झालंय का, माहीत नाही. पण होऊ शकतं."

त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मूळ स्कॅनमध्ये मला एक शीर वाटली होती. तुमच्या चित्रात नव्हती. म्हटलं, माझंच चुकलं असेल."

फोन बंद झाला.

नुसतं बसवेना. शेडरची आधी आमच्या मेमरीत प्रत काढली, मगच जागा मोकळी केली, जुना पत्ता पुसून टाकला. दुरुस्ती एवढीशीच. टेस्टर तेच लिव्हर पुन्हा पुन्हा उघडत होती. "हाय... शीर हाय..." एवढंच पुटपुटत होती. माझे कान फोनकडे होते.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "कापायची जागा बदलली. पेशंट ठीक आहे." मग म्हणाले, "आणि आधीचे पेशंट?"

त्या आवृत्तीत पाहिलेली प्रत्येक केस आम्ही मूळ स्कॅनशी ताडून पाहिली. आणखी एका चित्रात शीर नव्हती. तो पेशंट कोण, त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला मीच फोन केला.

"त्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय," डॉक्टर म्हणाले.

मी खुर्चीत बसले. टेस्टरने पाण्याची बाटली पुढे केली. बराच वेळ मला तिचं झाकण उघडता येईना.