पलंगाखालच्या विटा

आमच्या दत्ताच्या देवळात गुरुवारच्या आरतीनंतर प्रसाद हातात पडेपर्यंत कोणी ना कोणी आपला अनुभव सांगतो. त्यात माझी गोष्ट फार जुनी. अंथरुणाला खिळलेल्या आईला मुलगा तान्ह्या लेकरासारखा उचलून नेई-आणी, दत्तमहाराज प्रसन्न झाले आणि म्हातारी आपल्या पायांनी देवळात आली, अशी ती गोष्ट. सांगणारे बदलले, गोष्ट तीच राहिली. तो मुलगा मी. इतकी वर्षं मी ती मान खाली घालून ऐकली आणि लोकांना तो विनय वाटला. तो विनय नव्हता. आता माझंही वय झालं आहे. चुकीची गोष्ट मागे ठेवून जाऊ नये असं वाटतं, म्हणून जे घडलं ते लिहितो. कृपा झाली यात मला शंका नाही. पण ती माझ्या सेवेचं फळ म्हणून झाली नाही. माझी सेवा बाजूला सारून झाली.

ते दिवस राज्यं मोडण्याचे आणि जुळण्याचे होते. माझे वडील संस्थानच्या फौजेत होते, ते लवकर गेले. मी दरबारच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं, तेव्हा आमची कचेरी दुसऱ्या कचेरीत मिसळली आणि माझं टेबल दाराशी सरकलं. पूर्वी लोक अर्ज घेऊन उभे राहत, आता तेच लोक आत जाता जाता 'बाबूजी, ज़रा पंखा चला दो' म्हणत. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, पगार मिळत होता. पण माणसाला आपण कोणी आहोत असं वाटायला जे लागतं, ते गेलं होतं. घरी आई, माझी पत्नी आणि मी, तिघंच. दाना ओली या गल्लीतलं आमचं घर लहान, खाली दोन खोल्या आणि अंगण.

अशात आईला मुदतीचा ताप आला. बरेच दिवस ती इस्पितळात होती. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले होते, 'धीरे-धीरे उठाइए, बैठाइए, चलाइए. संभाल के.' त्यांचं एवढं बोलणं, पण मी त्यातलं शेवटचंच घरी आणलं. घरी आल्यावर एकदा अंगणात तिचे गुडघे वाकले आणि ती खाली बसली. लागलं काहीच नाही, ती हसली देखील. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की आईचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. काखांत हात घालायचे आणि उचलायचं. मोरीकडे, अंगणातल्या उन्हात, परत पलंगावर. गुरुवारी तर दोन्ही हातांवर घेऊन देवळात. वाकून वाकून माझी कंबर धरू लागली, तेव्हा मी पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या. पलंग उंच झाला आणि माझी सोय झाली.

आमची गल्ली अरुंद. मी आईला घेऊन निघालो की दुकानदार सायकली बाजूला घेत, कोणीतरी मोठ्यानं म्हणे, 'अरे भैया, रास्ता दो, सरवनकुमार आ रहे हैं.' कचेरीत मी कोणी नव्हतो, दाना ओलीत श्रावणबाळ होतो. हे लिहिताना आजही कान तापतात. पत्नीनं एकदा हळूच सांगितलं, "अहो, आईंच्या काखांत काळंनिळं झालंय. अंघोळ घालताना दिसतं. त्यांना थोडे पाय टेकू द्या ना." मी म्हटलं, "पडली तर तू उचलणार आहेस?" ती अंगानं बारीक. आई स्वतः कधी काही बोलली नाही. तिचे पोटरीचे स्नायू वाळत चालले होते आणि मी ते तापाचं काम समजत होतो.

मग मध्यभारतही राहिला नाही. नवं राज्य झालं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या आणि माझ्या हातात बदलीचा हुकूम पडला. मी गेलो तर आईला उचलणार कोण? तिला बरोबर नेली तर परक्या गावात, भाड्याच्या खोलीत, मी दिवसभर बाहेर. नोकरी सोडावी तर खायचं काय? त्या गुरुवारी मी महाराजांपुढे एकच मागणं मागितलं: बदली रद्द करा. मागताना मन निर्मळ नव्हतं. ऐकणारं कोणी आहे का, अशी शंका होती. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती, जी मी स्वतःलाही सांगत नव्हतो. आईचं आजारपण पुढे केलं तर साहेब ऐकतील, असा माझा हिशेब होता.

आमच्या देवळाची एक चाल इथे सांगायला हवी. गुरुवारी पालखी निघते. मी तरुणपणापासून तिच्या खांदेकऱ्यांत होतो. पालखी उचलण्याआधी आम्ही दांडीवर नुसता हात ठेवतो. पुजारीबुवा वाकून विचारतात, 'महाराज, निघायचं का?' मग सगळे थांबतात. श्वास दोन श्वास. बुवांनी मान हलवली की खांदे लागतात. विचारल्याशिवाय देव उचलायचा नाही, अशी ती रीत. मी ती कधी चुकवली नव्हती.

मी ते मागणं मागितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक अनोळखी बाई उभी होती. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. इथे खोली भाड्यानं आहे ना, म्हणून विचारत होती. खोली शेजारच्या घरात होती, तिला कोणीतरी चुकीचं दार दाखवलं होतं. ती नागपूरकडच्या इस्पितळात सिस्टर होती. तिकडचं जुनं राज्य तुटलं, त्याबरोबर सरकारी नोकरांचीही वाटणी झाली, तिचं नाव या बाजूला आलं आणि पुढचा हुकूम येईपर्यंत ती ग्वाल्हेरात थांबली होती. मी शेजारचं दार दाखवणार, एवढ्यात आईनं मोरीकडे जायचं म्हणून हाक मारली. मी आत गेलो आणि रोजच्यासारखे काखांत हात घातले.

"थांबा," मागून आवाज आला. "काय करून राहिले तुम्ही?"

मला राग आला. म्हटलं, "हे माझं रोजचं आहे बाई. मी देवाची पालखी उचलतो. वजन कसं घ्यायचं ते मला समजतं."

ती न विचारता आत येऊन स्टुलावर बसली. "पालखी कशी उचलता, सांगा बरं."

मी अभिमानानं सांगितलं. दांडीवर हात, बुवांचं विचारणं, थांबणं, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"देवाले विचारता," ती म्हणाली, "मंग आईले काहून नाही विचारलं?"

आईनं तोंडाला पदर लावला. सिस्टरची नजर पलंगाखाली गेली. "अन् या विटा?"

"उचलताना माझी कंबर भरून येते."

"म्हणजे विटा तुमच्यासाठी. त्यांचे पाय लोंबकळून राहिले, त्याचं काय?"

"बाई, विटेवर देव उभा राहतो," आई पदराआडून म्हणाली. "मी मेली विटेवर आडवी." दोघी हसल्या. माझी पत्नी दाराशी उभी होती, ती पण हसली. बऱ्याच महिन्यांनी त्या खोलीत हसणं ऐकू आलं आणि मी तिथे एकटा पडलो.

मी आईला उचलून आधी मोरीकडे नेली, मग खुर्चीवर ठेवली आणि विटा काढल्या. ती माझी शेवटची उचल. पलंग खाली आला आणि काठावर बसवल्यावर आईच्या टाचा जमिनीला टेकल्या. सिस्टरनं तिच्या पाठीचा लोड काढून घेतला आणि नुसतं बसू दिलं, झोल जातो का ते पाहत. मग आपला हात पुढे करून म्हणाली, "आई, माझा हात धरा. हा नाही, पलीकडच्या हातानं. आता दुसरा." आईनं अंगावरून हात आडवा नेऊन तिचा हात धरला, आणि ती कलली नाही. मग एकेक गुडघा सरळ करायला सांगितला. वाळलेली पोटरी थरथरली, पण पाय वर राहिला. पंजा वर, पंजा खाली. सिस्टरनं तळपायाला आपला तळवा लावला आणि म्हणाली, "रेटा मले." आईनं रेटलं. सिस्टरचा हात मागे सरकला.

तिनं आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "पाय चांगले आहेत. फक्त त्यांना कोणी काम नाही दिलं."

मग तिनं आपला गुडघा आईच्या गुडघ्यासमोर आणला, दोन्ही हात बाजूंना तयार ठेवले आणि मी मध्ये हात लावायचा नाही, असं बजावलं. "आई, उठायचं का?" असं विचारून ती थांबली. अगदी आमच्या बुवांसारखी. आईनं पलंगाच्या काठावर तळवे टेकले, पुढे वाकली आणि उभी राहिली. थरथरत होती, लगेच बसली. पण उभी राहिली होती.

इथेच मला खरं सांगायचं आहे. मला आनंद झाला नाही. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं, आईचा चेहरा उजळला, आणि मला मात्र हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. पाठोपाठ मनात आलं, आता साहेबांना काय सांगू? आदल्या दिवशी मी देवाकडे काय मागितलं होतं आणि कशाच्या जोरावर, ते त्या क्षणी मला स्वच्छ दिसलं. मी अंगणात जाऊन विटा भिंतीशी रचत बसलो, जणू ते फार निकडीचं काम होतं.

सिस्टरला शेजारची खोली पसंत पडली नाही, अंधारी होती. पण ती ग्वाल्हेरात होती तोवर येत राहिली. आईच्या कमरेला धोतराची घडी बांधून मागून कसं धरायचं, ते तिनं आम्हा दोघांना शिकवलं. ओढायचं नाही, नुसतं असायचं. एकदा मी घाईनं म्हटलं, "काल तर उभी राहिली होती." ती म्हणाली, "काल राहिल्या म्हणून आज राहतीलच असं नाही. रोज विचाराचं. हात, पाय, मंग उठणं." आई पलंगापासून दारापर्यंत, दारापासून अंगणापर्यंत चालू लागली. एक दिवस सिस्टर आली नाही. तिचा हुकूम आला असणार. तिचं नाव मला ठाऊक नाही. आम्ही सगळे तिला बाई म्हणायचो आणि मी कधी विचारलं नाही.

माझी निघायची वेळ आली. त्याआधीच्या गुरुवारी आई चालत देवळात गेली. मी मागून धोतराची घडी धरली होती. दुकानदारांनी सायकली बाजूला घेतल्या, पण या वेळी कोणी काही बोललं नाही, सगळे नुसते पाहत होते. देवळात बुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "हे मातृसेवेचं फळ," आणि नारळ माझ्या हातात दिला. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. 'एक बाई आली होती,' एवढंच. मी नारळ कपाळाला लावला आणि गप्प राहिलो. ती गोष्ट त्या दिवशी जन्मली.

आई पायरीवर विसावली होती. मी शेजारी बसून विचारलं, "आई, तुला जमत होतं, तर तू कधी बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "कचेरीतून यायचास तेव्हा खांदे पडलेले असायचे तुझे. मला उचललंस की ताठ व्हायचास. म्हटलं, रहने दो, माझे पाय काय कुठे पळून जात नाहीत." मग हसली. "पण निघालेच होते रे पळून. बाई वेळेवर आली."

म्हणजे इतके महिने मी तिला वाहत होतो असं मला वाटत होतं, आणि ती मला वाहत होती. पालखीची वेळ झाली, मी जाऊन दांडीवर हात ठेवला. बुवांनी विचारलं, 'महाराज, निघायचं का?' त्या दिवशी मी पहिल्यांदा खरोखर थांबलो.

बदली रद्द झाली नाही. मी भोपाळला गेलो. आई पत्नीबरोबर दाना ओलीत राहिली आणि पुढे पुष्कळ वर्षं आपल्या पायांनी दर गुरुवारी देवळात जात होती. शेजारणींना सांगे, "बाळ भोपाळला साहेब झालाय." मी साहेब कधीच झालो नाही. पण पुन्हा खांदे पाडून चाललोही नाही.

यंदा माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी इस्पितळातली एक मुलगी पलंगाशी आली. मी डोळे मिटून दोन्ही हात काखांपासून दूर केले, आता उचलतील म्हणून. ती म्हणाली, "नहीं बाबा, पहले आप बताइए. बैठा जाएगा?" पलंग खाली घेतला, हात पलीकडून धरायला लावला, आणि मग माझ्या तळपायाला तळवा लावून म्हणाली, "धक्का दीजिए." मला इतकं रडू आलं की ती घाबरली, दुखतंय का विचारू लागली. कसं सांगणार तिला.

देवाला शरण जायचं म्हणजे त्यानं आपल्याला अलगद उचलून न्यावं, असं मी समजत होतो. त्यानं मला कधी उचललं नाही. चुकीच्या दारावर एका थकल्या बाईला पाठवून त्यानं फक्त विटा काढायला लावल्या. त्या बाईंना, त्या जिथे असतील तिथे, माझा नमस्कार पोचो. आणि देवळात यापुढे माझी गोष्ट सांगायची झाली, तर त्यांची सांगावी.