हांगचौचा चौथा दिवस

पनवेलच्या एजंटाला व्हिसासाठी दिवसवार कार्यक्रम हवा होता. पाच दिवस, पाच ओळी. मी कागद पुढे सरकवला तेव्हा त्याने बोटाने वरून खाली मोजलं आणि म्हणाला, "मॅडम, चौथा दिवस राहिलाय."

"हो, राहिलाय."

"मग टाका की काहीतरी. बाजार टाका. तिथं कोण बघायला बसलंय?"

मी उद्या देते म्हणाले आणि कागद परत घेतला. तो म्हणाला, शनिवारपर्यंत द्या, नाहीतर या तारखा विसरा. मी रोह्याला परत आले. तो उद्या काही आला नाही. चौथ्या दिवशी बाजार टाकणं मला जमत नव्हतं, कारण तो दिवस माझा होता, आणि पूर्वी एकदा मी तो वेळेवर भरला नव्हता.

हांगचौ हे चीनमधलं शहर आमच्या घरात आलं ते कंपनीमुळे. माझे यजमान धाटावच्या कारखान्यात ऑपरेटर होते. कंपनीने तिकडून एक मशीन आणलं आणि ते शिकायला दोघांना बारा दिवस पाठवलं. हॉटेल ते कारखाना, कारखाना ते हॉटेल. शहरातलं प्रसिद्ध सरोवर त्यांनी पाहिलं ते परतीच्या दिवशी, विमानतळाकडे जाताना, बसच्या खिडकीतून. चार-पाच मिनिटं. "पाण्याच्या मधोमध बांध," ते सांगत, "आपल्या खाडीवर असतो तसा. वर झाडं. माणसं आपली निवांत चालतायत. आणि बस काही थांबली नाही." पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात ते वाढलेले. वडील मिठागरावर कामाला. त्यामुळे पाणी आणि बांध म्हटलं की त्यांचा आवाज बदलायचा. पुढे मी वाचलं की तो बांध एका कवी असलेल्या अधिकाऱ्याने सरोवरातला गाळ काढून घातला होता. ते सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "मग कवीला काम येत होतं म्हणायचं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी एका मोठ्या कागदावर पट्टीने रेघा मारल्या. मला वाटलं प्रवासाची यादी असेल. निघाला तो शिफ्टचा तक्ता. दिवस, शिफ्ट, काम, शेरा आणि शेवटी दोन अरुंद रकाने: चार्ज दिला, चार्ज घेतला. प्लांटमध्ये असाच असतो. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन सही करेपर्यंत आधीच्याने जागा सोडायची नाही. तो आलाच नाही तर आठ तास आणखी उभं राहायचं, त्याला डबल मारणं म्हणतात. अशा डबलपायी त्यांचं ताट मी कितीदा झाकून ठेवलं असेल.

मी रोह्याच्या शाळेत शिक्षिका होते, शाळेचं ग्रंथालयही माझ्याकडेच होतं. माझी वेळ ठरलेली. त्यांची आज फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट. तीस वर्षांत आमच्या बऱ्याचशा भेटी जिन्यात झाल्या. एकाच्या हातात डबा, दुसऱ्याच्या हातात किल्ली. ऑफिसातल्या लोकांची सकाळ ते संध्याकाळ अशी जी जनरल शिफ्ट असते, ती त्यांना कधी मिळाली नाही. तक्त्यात मात्र पाचही दिवसांपुढे त्यांनी 'जनरल' लिहिलं होतं, दोघांसाठी.

नियमही त्यांचाच. पहिला, तिसरा, पाचवा दिवस त्यांचा. दुसरा आणि चौथा माझा. ज्याचा दिवस, त्याने ठरवायचं, दुसऱ्याने कुरकुर न करता मागून चालायचं. त्यांनी आपले तीनही दिवस एका संध्याकाळी भरून टाकले. पहिला: बांध, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिसरा: नाव आणि बेटं. पाचवा: पुन्हा बांध. मी दुसऱ्या दिवसापुढे चहाचे मळे आणि रेशमाचं संग्रहालय घातलं आणि चौथ्यापाशी अडकले.

मी वाचत बसले. एक मंदिर लिहिलं आणि खोडलं. जुना कालवा लिहिला, खोडला. पुस्तकांचं एक मोठं दुकान लिहिलं, तेही खोडलं, कारण चिनी अक्षरं मला येत नाहीत. रोज वाटायचं, अजून थोडं वाचलं की नेमकं सापडेल. ते तिसऱ्या दिवसापुढे 'दिला' म्हणून सही करून बसले होते. येता-जाता म्हणायचे, "अगो, मी चार्ज देऊन उभा हाय. तू घेतेस कधी? माझी डबल होतेय."

"वाचून घेते ना जरा."

"वाच, वाच. सरोवर कुठं पळतंय."

कागद वेळेत गेले नाहीत. पुढच्या वर्षी जाऊ म्हणालो. पौषात, सकाळी पेपर वाचता वाचता ते गेले. पेपर हातातच होता.

त्यानंतर वर्षश्राद्ध होईपर्यंत कुठे जाण्याचा प्रश्न नव्हता. ते झालं आणि मला घरात बसवेना. पुस्तक उघडलं की दोन पानांवर उठायचे. चहा टाकायचे आणि गॅसजवळून निघून जायचे. तक्ता कपाटातून काढायचे, ठेवायचे, पुन्हा काढायचे. शेवटी पासपोर्ट आणि तोच तक्ता घेऊन पनवेल गाठलं. ते काम मी एकटीने केलं याचं मलाच नवल वाटलं. तारखा मीच ठरवल्या, आम्ही शेवटी पक्क्या केल्या होत्या तशाच: कोजागिरीनंतर आठ दिवसांनी निघायचं.

शुक्रवारी मी चौथ्या दिवसापुढे पेन्सिलीने 'बाजार' लिहिलं आणि रोह्याहून पनवेलची गाडी पकडली. श्रावण होता. नागोठण्याला अंबा नदी गढूळ, काठोकाठ. पेण गेलं. मी पिशवीतून कागद काढला, 'बाजार' वाचलं. पुन्हा वाचलं. जिते नावाचं लहानसं स्टेशन आलं तसं मला काय झालं कोण जाणे, मी उठले आणि उतरले. त्या स्टेशनात माझं कुणीही नाही. गाडी निघून गेली. मी बाकड्यावर बसले आणि खोडरबर शोधू लागले. सापडला नाही. बोटाने घासून 'बाजार' पुसलं, तर तिथे काळा डाग पडला. परतीच्या गाडीने पेणला उतरले आणि टमटम धरून नणंदेच्या गावी गेले. कागद दाखवायला नव्हे. कुठेतरी जायचंच होतं.

नणंद त्यांच्याहून सात वर्षांनी धाकटी. गावातलीच, गावातच दिलेली. तिचा मुलगा आखातात नोकरीला असल्याने ती एकदा विमानात बसून आली आहे, आणि मी नाही, हे ती मला विसरू देत नाही. ओटीवर सुपात सुकट निवडत होती.

"काय गो वैनी, आज कशी वाट चुकलीस?"

"सहज. वन्सं, श्रावण आहे ना? आणि सुकट?"

"खात नाय गो. निवडतंय नुसती. वास घेतला तं देवाला चालतो." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "पनवेलला गेलती नं? झाला का चीन?"

मी जित्याचं सांगितलं. ती सूप खाली ठेवून हसली. "जित्याला? जित्याला कोन उतरतंय? तुला मुंबयच्या इमानात बसवली तं मधीच उतरशील." मग तिने पदराला हात पुसले. "आन इकडं कागद. वाचून दाखव. माजा चश्मा घरात हाय."

चश्मा असता तरी तिला वाचता आलं नसतं, हे दोघींना ठाऊक होतं. मी वरून वाचत गेले. बांध. चहाचे मळे. नाव. चौथ्याला थांबले.

"इथं काय हाय?"

"काही नाही. तो माझा आहे. मला सुचत नाही." आणि मग, इतक्या दिवसांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते बोलून गेले, "त्यांनी दहादा सांगितलं भर म्हणून. मी भरला असता तर आम्ही जाऊन आलो असतो."

"तसं नाय गो" असं ती म्हणाली नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. सूप पुन्हा मांडीवर घेत तिने विचारलं, "तिकडं नुसतं गोड्या पान्याचं तळंच हाय? खाडी-बिडी नाय?"

"नदी आहे मोठी. समुद्राला मिळते. तिच्यात भरतीची लाट उलटी चढते, भिंतीसारखी. लोक काठावर उभे राहून बघतात." हे मी केव्हाच वाचलं होतं. टिपणवहीतही होतं. पण आमच्या तारखांना त्याबद्दल काही लिहिलेलं सापडेना, म्हणून सोडून दिलं होतं.

"मंग ती बघ की! जातेस कवा?"

"कोजागिरीनंतर आठ दिवसांनी."

तिने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "म्हंजे अष्टमी." मग कपाळाला हात लावला. "अगो, भांगाला जातेस? अष्टमीला भांग असतो. पानी हलनार पन नाय. मास्तरीन झालीस ती कशाला? उधान पुनवेला. आन खरा जोर पुनवेच्या मागं, दुज-तीजेला. मिठागरावरच्या पोराला पन म्हाईत असतंय."

मिठागरावरच्या पोराला. मी तक्त्याकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात खोडलेली एक ओळ होती: 'निघणे: कोजागिरीच्या आदल्या दिवशी.' ती मीच खोडायला लावली होती. कोजागिरीला आमच्याकडे घरातल्या थोरल्याला ओवाळतात. सासूबाई गेल्यापासून नणंद दर वर्षी रोह्याला येऊन भावाला ओवाळत असे. मी म्हणाले होते, वन्सं ओवाळायला येणार आणि तुम्ही चीनमध्ये? आठ दिवस पुढे ढकलू. ते म्हणाले, "बरं." आणि रबराने पुसण्याऐवजी, का कोण जाणे, नुसती रेघ मारली.

आता मी बोटांवर मोजलं. आदल्या दिवशी निघायचं, पौर्णिमेला तिथे पहिला दिवस. चौथा दिवस म्हणजे तृतीया.

मी नणंदेला ते सांगितलं. ती सुकटीत बोट फिरवू लागली.

"दादूसला म्हाईत असूनशान बोलला नाय?"

"माहीत होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. पंधराव्या वर्षी गाव सोडलेलं."

"भरती कोन इसरत नाय गो." मग एकदम चिडून, "आन माज्या ओवालन्यासाटी थांबलाव? एक साल मी तबक पालथं घातलं असतं! फोनवर ओवाललं असतं! पोराला नाय ओवालीत?"

मला हसू आलं. तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ओटीसमोर, बांधापलीकडे, सगळी मिठागरं पावसाच्या पाण्याखाली होती. त्यांच्यातले बारके बांध तेवढे वर दिसत होते, तक्त्यातल्या रेघांसारखे. त्या तक्त्यात त्यांनी माझा दिवस कोरा ठेवला आणि तो उधाणावर येऊन पडावा असा मुहूर्त आधी धरला, की हा नुसता योगायोग, हे मला आता कळणार नाही. त्याची उत्तरं वाचून सापडण्यासारखी नाहीत.

"लिव," नणंद म्हणाली. "तीज. भरती दुपारी अडीचच्या आसपास. दीडपास्नं जाऊन उभं रायचं. जेवून घ्यायचं आदी, मागनं जेवान मिलत नाय."

"वन्सं, ती वेळ आपल्या खाडीची. चीनची वेगळी असणार."

"का? चंद्र दुसरा हाय तिकडं?"

मी लिहिलं. काळ्या डागावरच लिहिलं: 'नदीकाठ. भरती.' वेळेची जागा सोडली. घरी जाऊन वही पाहिली, तर तृतीयेला लाट शहरापाशी पोचते ती दुपारी, एक-दोनच्या दरम्यान. तिचा हिशेब फार काही चुकला नव्हता. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर विमानाच्या बढाईत ही एक नवी भर पडेल.

ओटीवर मी कागदाची घडी घालणार तेवढ्यात तिने शेवटच्या दोन रकान्यांवर बोट ठेवलं. "ही दादूसची सही. आन ही जागा कोनाची?"

"माझी. त्यांनी चार्ज दिला, मी घेतला असं लिहायचं असतं."

"मंग घे की. त्याला किती उभा ठेवशील?"

पेन तिच्या घरात नव्हतं. शेजारच्या अंगणात गणपतीच्या कच्च्या मूर्ती सुकत ठेवल्या होत्या. तिथल्या रंगाऱ्याकडून तिने बॉलपेन मागून आणलं. पांढऱ्या मातीने माखलेलं. मी सही केली.

शनिवारी सकाळी मी पुन्हा पनवेलची गाडी धरली, नव्या तारखा घेऊन. पेणला नणंद चढली. जरीची साडी, हातात पिशवी, पिशवीत तिचा पासपोर्ट प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला. मी तिला बोलावलं नव्हतं, गाडीची वेळ तेवढी काल सांगितली होती. "तू मधी उतरशील," म्हणाली, "म्हनून आलंय. आन पुनवेला मी हितं कोनाला ओवालू?"

जित्याला गाडी थांबली. माझे पाय आपोआप हलले. तिने माझ्या मांडीवर आपली पिशवी ठेवली आणि खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं.

"हेच का ते?"

"हेच."

"बाकडं तं मोडकं हाय गो," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.