तात्यांच्या जीपचं स्टिअरिंग

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतात. ते आणि आई, दोघंच. मी लग्न होऊन भोरला आले आणि तिथंच एका कचेरीत नोकरीला लागले. पावसाळ्यात आईचा नंबर मोबाईलवर दिसला की मी आधी उठून खिडकीशी जाते, बाहेर पाऊस किती आहे ते बघते, मगच फोन घेते. आई बरी असते, तात्याही बरे असतात. मला धास्ती असते ती त्यांच्या जीपची.

ती जीप वयानं माझ्याहून मोठी आहे. वर कापडी टप, दारं नाहीतच. वाडीपासून खाली डांबरी रस्त्यापर्यंत कच्ची, तीव्र उताराची वाट आहे आणि पावसात तिथं दुसरं कुठलं वाहन चढत नाही. रुग्णवाहिका बोलावली तरी ती खाली डांबरीवर येऊन थांबते. तिथवर माणूस आणून पोचवायचा तो तात्यांनी. कितीतरी वर्षं हे असंच चाललंय. आजारी माणसं, अवघडलेल्या बाया, एकदा तर पाय मोडलेलं वासरू. कुणी त्यांना हे काम दिलं नव्हतं, पण हाक आली की ते निघत.

मग त्यांचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी जड काम बंद करायला सांगितलं. त्या जुन्या स्टिअरिंगइतकं जड काम वाडीत दुसरं नव्हतं. दिवाळीला गेले तेव्हा ते अंगणात जीप वळवत होते. डाव्या हातानं चाक ओढत होते आणि उजवा हात नुसता वर ठेवलेला. दातावर दात. आई चुलीपाशी आल्यावर हळूच म्हणाली, "वळणावर आता त्यांना दोनदा दम घ्यावा लागतो. मला शेजारी बसवत न्हाई बघ."

मी जीप विकायचं काढलं. तात्या चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "इकू की. मग वरनं माणूस कोन आननार? तू येनार व्हय भोरवरनं?"



जीप राहणार असेल तर ती त्यांच्या हाताला झेपेल अशी तरी करावी, असं मी ठरवलं. चौकशी करत करत हायवेलगतच्या वरवे गावातल्या एका मिस्त्र्यापाशी पोचले. त्यानं जुन्या जीपना पॉवर स्टिअरिंग बसवलेलं होतं. कसं करणार ते त्यानं समजावून सांगितलं. भंगारात निघालेल्या नव्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स घ्यायचा. इंजिनाच्या बाजूला एक पंप बसवायचा. तो पंप इंजिनावरच्या एका वेगळ्या पट्ट्यानं फिरतो, तेलाला जोर देतो आणि चाकं वळवायचं काम ते तेल करतं. "फक्त स्टिअरिंगचा दांडा मधी कापून नवीन जोड द्यावा लागंल," तो सहज म्हणाला.

तो 'कापून' शब्द माझ्या डोक्यातून जाईना. ज्याच्या भरवशावर माणसं त्या उतारावरून खाली येतात, तोच दांडा कापायचा? जीप गॅरेजमध्ये होती तोवर कचेरी सुटली की मी एसटीनं वरव्याच्या फाट्यावर उतरून तिथं जायचे. एकदा पाहिलं तर स्टिअरिंगचं चाक एका टायरवर पडलेलं होतं आणि जीपच्या पुढच्या भागात नुसतं भोक. मी मिस्त्र्याला विचारलं, "हा जोड सुटणार तर नाही ना?" पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "ताई, सुटायचा असता तर म्या बसिवलाच नसता," असं म्हणाला आणि पाठ फिरवून कामाला लागला.

तात्या जीप न्यायला आले तेव्हा मी शेजारी बसले. नसरापूर मागं टाकून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि एका साध्या वळणावर जीप सरळ उजव्या बाजूला गेली. समोरून दुधाचा टेम्पो येत होता. त्यानं कर्कश हॉर्न दिला, तात्यांनी चाक फिरवलं, तर जीप तितकीच डावीकडं धावली. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"हाताला रस्ताच लागत न्हाई," ते म्हणाले. "म्या जरा बोट लावलं की ही वळून मोकळी."

"सवय होईल, तात्या."

"व्हईल. पर तवर तू बसू नगंस हितं."

सवय झाली. आईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात हसू होतं. तात्या आता एका हातानं जीप वळवतात, खांद्याला तेल चोळायचंही बंद झालंय, असं तिनं सांगितलं. मला बऱ्याच दिवसांनी स्वस्थ वाटलं.

त्या श्रावणात सुट्टी घेऊन मी माहेरी गेले होते. पाऊस सारखा लागून होता. सकाळी शेजारच्या काकू बांधावर गवत कापताना घसरून पडल्या. त्यांना उठताच येईना, पाय हलवला की किंचाळायच्या. रुग्णवाहिकेला फोन लागला. ती खाली येऊन थांबते म्हणाले. आम्ही जीपमध्ये मागं गादी टाकली, काकूंना गोधडीत धरून वर घेतलं, त्यांची सून त्यांच्या उशाशी बसली. मी तात्यांच्या शेजारी चढले. त्यांनी या खेपेला मला नको म्हटलं नाही.

अर्ध्या वाटेवर एक ओढा रस्त्यावरून वाहतो. त्या दिवशी पाणी चाकाच्या निम्म्याला होतं. तात्यांनी जीप पाण्यात घातली, पाणी खालून उसळून इंजिनावर आदळलं, पण आम्ही पार झालो. मी श्वास सोडला. पुढं लगेच उजवं वळण आहे आणि माझ्या बाजूला दरी. तात्यांनी चाक फिरवायला घेतलं तशी इंजिनातून चिरचिर ऐकू आली, आणि चाक फिरेना.

"तात्या, वळवा!"

"वळंना!"

जीप सरळ कडेकडं चालली होती. माझ्या पायाखाली मला रस्त्याची कड दिसली, आणि तिच्यापुढं खालच्या भातखाचरांचं हिरवं. मी दोन्ही हातांनी चाक धरलं आणि जीव खाऊन ओढलं. तात्या तिकडून ओढत होते. जराशी वळते न वळते तोच आतल्या कशानं तरी पुन्हा पकड घेतली आणि ते चाक एकदम हलकं झालं. आमचा दोघांचा सगळा जोर त्याच्यावर होता. ते गरकन फिरलं, जीप उजवीकडं झेपावली आणि तिचा मडगार्ड डोंगराच्या दरडीला घासत गेला. तात्यांनी ब्रेक दाबून धरला. मागं काकू ओरडल्या.

जीप थांबली. मग काकूंचा कण्हता आवाज आला, "भावजी, पोचलो का आपन?"

"न्हाई वैनी. जरा दम धरा," तात्या म्हणाले.

इंजिन बंद करून, चाकाखाली दगड लावून त्यांनी बॉनेट उघडलं. पंपाचा पट्टा ओला झाला होता. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला, सैलही होता. म्हणूनच तो मधेच घसरत होता, मधेच धरत होता.

"पुसून घ्या की," मी म्हटलं.

"वरनं पाऊस हाय, खालनं चिखल. किती पुसनार? एकदा जड, एकदा हलकी, असं खाली जाता न्हाई येनार." मग म्हणाले, "सीटखाली कोयता हाय. दे."

मला कळायला वेळ लागला. त्यांनी कोयत्यानं तो पट्टा कापून काढला आणि रस्त्यावर फेकून दिला.

"आता जडच ऱ्हाईल. पर जड हाय हे म्हाईत तरी हाय. तू तिकडनं वढ. म्या म्हनीन तवाच, आन म्हनीन तेवढंच."

तसं आम्ही खाली आलो. पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू. "उजवी... अजून... बास. सोड." पंपाशिवाय ते स्टिअरिंग पूर्वीपेक्षाही जड झालं होतं. प्रत्येक वळणाला वाटायचं, या वेळी आपला हात निसटणार. माझी कंबर सीटवरून अर्धी बाहेर आली होती, तात्यांच्या डाव्या खांद्याला माझं डोकं लागत होतं आणि पलीकडचा दुखरा खांदा किती ताणला जातोय ते मला जाणवत होतं. मागं सून सारखी विचारत होती, अजून किती, अजून किती. डांबरीवर पांढरी गाडी उभी दिसली तेव्हा मला रडू फुटलं.

काकूंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पुढं ऑपरेशन झालं, त्या सावरल्या.

रुग्णवाहिका गेल्यावर टपरीवाल्यानं चहा दिला. तात्यांचा उजवा हात ग्लासापर्यंत उचलेना. त्यांनी डाव्या हातानं घेतला. जीप तिथंच एकाच्या अंगणात लावून आम्ही पायी वर गेलो. चढताना ते एकच वाक्य बोलले, "म्या आता न्हाई चालवत."

हेच ऐकायला मी कधीची थांबले होते. आणि ऐकल्यावर मला अजिबात बरं वाटलं नाही. पुढचे दिवस ते ओसरीवर बसून असायचे. कुणी हाक मारली की आधी दचकायचे. जी भीती इतकी वर्षं माझ्याकडं आणि आईकडं होती, ती आता त्यांच्या तोंडावर दिसत होती. ती मला बघवेना. हे पॉवर स्टिअरिंगचं खूळ मीच काढलं होतं, हेही मनातून जात नव्हतं.

मी मिस्त्र्याला फोन केला, जरा जोरातच बोलले. तो दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर सामान बांधून खाली डांबरीवर, जीप लावली होती तिथं आला. जीपखाली शिरून पाहिलं, बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला. "पट्टा बसून सैल व्हतो, परत ताणायला बोलवायचं माझ्याकडनं राहिलं. आन खालनं एवढं पानी उडंल हे ध्यानात आलं न्हाई," तो म्हणाला. त्यानं नवा पट्टा ताणून बसवला आणि त्याच्याखाली पत्र्याचं आवरण केलं.

आता ओढ्यातून चालवून बघायची होती. तात्याही खाली आले होते, पण चालवायला पुढं होईनात. मला फक्त आमची छोटी गाडी चालवता येते, तीही भोरच्या सपाट रस्त्यावर. तरी मीच बसले. मिस्त्री शेजारी, तात्या मागं. गिअर दोनदा चुकला. ओढ्याच्या वर नेऊन जीप वळवून घेतली, मग उतरताना ओढ्यात शिरले, पाणी उसळलं, पलीकडं आले आणि त्याच वळणावर चाक फिरवलं. फिरलं. मी थांबले, मागं घेतली, पुन्हा पाण्यात घातली. पुन्हा फिरलं.

तिसऱ्यांदा निघणार तेवढ्यात मागून तात्यांचा आवाज आला. "क्लच किती वेळ दाबून धरतीस? जळंल तो. सरक."

मी सरकले. ते पुढं येऊन बसले, चाक दोन्हीकडं हलवून पाहिलं आणि जीप वाडीकडं वळवली. मी सीटची कड धरून बसले होते. वर पोचेपर्यंत मी ती सोडली नाही.

आता पावसाळ्याच्या तोंडाला मिस्त्री येऊन पट्टा ताणून जातो. मी सुट्टीच्या दिवशी वाडीच्या वाटेवर चालवायला शिकते आहे. तात्या शेजारी बसून चुका काढतात. आणि आईचा नंबर दिसला की अजूनही पहिल्यांदा मी उठून खिडकीशी जाते, मगच फोन घेते.