नव्या दस्त्यावरचे जुने खड्डे

"हे खड्डे तसेच्या तसे टाकता येतील का?"

रोहितने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत एका जुन्या रायफलचा दस्ता होता, म्हणजे खांद्याला टेकवायचा तिचा मागचा लाकडी भाग. त्यावरचा प्रत्येक ओरखडा जवळून टिपलेला. माझ्या टेबलावर तिच्यासाठी बनवलेला कोरा करकरीत दस्ता पडला होता.

"कशासाठी?"

"आजोबांना कळू नये म्हणून."

माझं डोकं सणकलं. बेंगळुरूत आमची तिसरी पिढी बंदुका दुरुस्त करते. नक्षी काढून द्या, नाव कोरून द्या, चांदीचा पत्रा ठोकून द्या, असल्या फर्माइशी मी ऐकल्या आहेत. नव्या लाकडाला खोट्या जखमा करून द्या, असं तोंड वर करून कुणी मागितलं नव्हतं.

रोहित पुण्याचा, हेब्बाळच्या एका टेक पार्कमध्ये नोकरीला. आजोबा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, हल्ली त्याच्याकडे राहतात. नजर बरीच गेली आहे. रायफल त्यांची. थ्री-नॉट-थ्री, फौजेच्या डेपोतून रीतसर परवान्यावर विकत घेतलेली. वय झाल्यावर त्यांनी ती निकामी करून घेतली. आता तिच्यातून गोळी सुटू शकत नाही, आणि तसा दाखला आहे. तरी रोज सकाळी ते तिच्यावरून फडकं फिरवतात. महिनाभर ते पुण्याला मुलाकडे गेले, तेव्हा नातवाने ती चकाचक करून भिंतीवर लावायचं ठरवलं.

"आणि खोललीस कशी?"

"व्हिडिओ बघून. मागची पितळी पट्टी काढली, आत लांब स्क्रूड्रायव्हर घातला आणि बोल्ट फिरवला. स्वल्प जड गेला."

हा इथे येऊन दोन कन्नड शब्द शिकला, त्यातला एक नेमका इथे वापरला.

जड जाणारच होता. या रायफलचा दस्ता एका लांब बोल्टने लोखंडी भागाला आवळलेला असतो. बोल्ट ढिला पडू नये म्हणून त्याचं पुढचं टोक चौकोनी करून पुढच्या लाकडात, म्हणजे नळीखालच्या लाकडात, अडकवलेलं असतं. म्हणून आधी पुढचं लाकूड उतरवायचं आणि मग बोल्टला हात लावायचा. उलटं केलं की ते चौकोनी टोक फिरताना लाकूड आतून फाडतं. याच्या व्हिडिओतली रायफल नंतरच्या मॉडेलची होती, तिच्यात ही अडकवण नसते. बाहेरून दोघी बहिणी दिसतात, पण सांगणाऱ्याने ते सांगायला नको?

पुढचं लाकूड उभं फाटलं. एवढ्यावर थांबला असता तर मी चिकटवून दिलं असतं. याने फटीत कसलासा पांढरा गोंद भरला. तो वाळून दगड झाला आणि फट मिटायचं नाव घेईना. मग अडकलेला दस्ता सुटावा म्हणून हातोडा मारला.

"रबरी होता," तो म्हणाला.

"मग त्याने प्रेमाने मोडला असेल."

दस्ता मानेत तुटला होता. त्याचे तुकडे आणि फाटलेलं लाकूड तो पिशवीत भरून घेऊन आला होता. त्यावरून होसकोटेच्या एका फर्निचर कारखान्यात मशिनवर दस्ता आणि पुढचं लाकूड असा नवा जोड कापून घेतला होता. लाकूड खरं अक्रोडाचं होतं, हे कबूल करतो. बाहेरून हुबेहूब होतं, पण आतून लोखंड बसेना. कारखान्याला खुर्च्या येतात, रायफल कुठून येणार? नशीब, आत लाकूड जास्त ठेवलं होतं. कमी असतं तर सगळंच फुकट गेलं असतं.

"बसवून देतो," मी म्हणालो. "खड्डे टाकणार नाही."

"मग इंदिरानगरला एक पॉलिशवाला आहे, तो अँटिक फिनिश करून देतो."

"सरी, ठीक आहे. मग रायफल त्याच्याकडूनच बसवून घे."

त्याने मोबाइल खिशात टाकला. पॉलिशवाला रायफल बसवत नाही, हे त्यालाही कळत होतं.

"आणि आजोबांना घेऊन ये," मी म्हणालो. "दस्त्याचं माप घ्यायचंय."

"पण काका, ती चालवायची नाहीये!"

"रोज हातात घेतात ना? मग हाताचं माप लागतं."

हे खोटं नव्हतं. या रायफलचे दस्ते लांब, मध्यम आणि आखूड असे येत. माणसाने कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं आणि बोट ट्रिगरपर्यंत पोचतं का ते बघायचं. माझ्या वडिलांनी मापाशिवाय दस्त्याला रंधा लावू दिला नाही. पण माझ्या मनात दुसरंही काही होतं, ते नाकारत नाही. एका माणसाची वस्तू मोडून वर त्यालाच फसवायचं, तेही त्याला दिसत नाही म्हणून? माझ्या दुकानात नाही.

शनिवारी, पुण्याहून परतल्यावर, आजोबा आले. ताठ चालत होते, एक हात नातवाच्या खांद्यावर. रायफल साफ करायला दिलीय, एवढंच त्याने त्यांना सांगितलं होतं.

"काका, ती पिशवी तेवढी आत ठेवा," रोहित माझ्या कानात पुटपुटला.

मी ठेवली नाही.

आजोबांना खुर्ची दिली. त्यांनी टेबल चाचपलं, पिशवीत हात घातला आणि फाटलेलं लाकूड बाहेर काढलं. अंगठा फटीवरून शेवटपर्यंत नेला, चौकोनी खाचेपाशी थांबवला.

"मागचा बोल्ट आधी कुणी फिरवला?"

मी रोहितकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"आजोबा, मी. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून नवीन..."

"लाकडाचं मला काय सांगतोस?" आवाज असा चढला की शेजारच्या दुकानातले अण्णा डोकावून गेले. "रायफलचं लाकूड बदलतंच. हे तरी मूळचं कुठे होतं? डेपोत बदललेलं होतं. फौजेत मोडलं की रिपोर्ट करतात, नवं मिळतं, विषय संपतो. तू काय केलंस? म्हाताऱ्याला दिसत नाही, त्याला कळणार नाही, असं धरून चाललास. माझ्या डोळ्यांचा फायदा घेतलास!"

रोहितचा चेहरा उतरला. "ते खड्डे तरी तसेच करून घेणार होतो. लढाईतले..."

"कसली लढाई? सगळ्यात मोठा खड्डा कोथरूडचं घर बदलताना जिन्यात पडला. टेम्पोवाल्याने लगेच येऊन सांगितलं होतं!"

मला हसू आवरेना, म्हणून मी पट्टी शोधायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा रोहित उभा राहून काय मोडलं, कसं मोडलं ते पहिल्यापासून सांगत होता. गोंदही सांगितला, हातोडाही. आजोबा ऐकता ऐकता फाटलेल्या लाकडावरून अंगठा फिरवत होते. शेवटी म्हणाले, "बस आता. उस्ताद, माप घ्या."

हात वयाने आखडला होता. नवा दस्ता मागून कापून आखूड करावा लागणार होता. त्यांना ते आवडलं नाही, पण हो म्हणाले.

पुढचा आठवडा मी लाकूड बसवण्यात घालवला. लोखंडाला काजळी लावायची, लाकडात दाबायचं, काढायचं. जिथे काळा डाग उठतो तिथे टेकतंय. तेवढंच खरवडायचं आणि पुन्हा दाबायचं. जिथे टेकायला हवं तिथे सगळीकडे सारखा डाग उठला की काम झालं. मशिनवाल्यांना मी या काळात काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. कारखान्याचं चकचकीत पॉलिश काढून जवसाचं तेल चोळलं.

न्यायला आले तेव्हा आजोबांनी रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला आणि बराच वेळ तशीच धरली. "बसली," म्हणाले. मला तेवढं पुरलं.

रोहितने ती दोन्ही हातांत घेतली आणि दाराकडे वळला. ठक्! दस्ता चौकटीवर आपटला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो जागच्या जागी थांबला. "आजोबा, दस्त्याला खड्डा पडला. दारावर आपटला. माझ्या हातून."

आजोबांनी बोटाने खड्डा शोधला. "ठीक आहे. उस्ताद, हा भरायचा नाही."

तेव्हा व्हिडिओ बघून हात घालणाऱ्यांनो, आधी पुढचं लाकूड उतरवा, मग मागचा बोल्ट. आणि मोडलंच तर आधी घरी सांगा, मग माझ्याकडे या. माझ्या चौकटीलाही त्या दिवशी चांगली खोक पडली आहे. तिचा रिपोर्ट अजून कुणी दिलेला नाही.