सुलास्त्रीची हजेरी

सुलास्त्रीला राग आला की ती हसायची. राग जितका मोठा तितका आवाज बारीक आणि हसू गोड. हे मला कळायला चार महिने लागले. तोवर मी तिला गरीब स्वभावाची समजत होते.

कॉव्हेंट्रीत म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होमच्या लाँड्रीत आम्ही दोघी कामाला होतो. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. माझे यजमान इथल्या एका हॉटेलात आचारी, म्हणून मी इथे. ती इंडोनेशियातल्या जावा बेटावरची. तिचा नवरा विबोवो तिकडे जिल्ह्याच्या नियोजन कचेरीत अधिकारी होता आणि सरकारी स्कॉलरशिपवर इथे शिकायला आला होता. तो दिवसभर लायब्ररीत, म्हणून ही लाँड्रीत.

एकदा सकाळच्या शिफ्टमधल्या कुणीतरी लाल मोजा पांढऱ्या चादरींत टाकला आणि सगळा घाणा गुलाबी झाला. सुपरवायझर बाईने सुलास्त्रीला सगळ्यांदेखत झापलं. ही आपली हसून सॉरी म्हणत राहिली. बसस्टॉपवर मी म्हटलं, बरं झालं, तू मनावर घेतलं नाहीस. तिने डोक्यावरचा रुमाल जरा सरकवला आणि म्हणाली, "म्बाक, माझे कान बघ." कान लालबुंद झाले होते. म्बाक म्हणजे थोरली बहीण. तिने मला पहिल्या दिवसापासून तीच हाक मारली.

आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं. मी इथे आपल्या भाषेत लिहिते आहे, पण म्हणणं तिचंच. काही शब्द तर भाषांतराशिवायच जुळले. जमिनीला ती बूमी म्हणायची, साबणाला साबुन, नवऱ्याला सुआमी. सुआमी ऐकून मी हसले तेव्हा म्हणाली, "नावालाच गं, म्बाक. भांडी तोच घासतो."

मोठी चादर घडी करायला दोघी लागतात. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या, पुढे यायचं, मागे जायचं. या येण्याजाण्यात तिने मला तिचं गाव सांगितलं. गाव डोंगराच्या उतारावर. वर झरा, खाली पायऱ्यापायऱ्यांची भाताची खाचरं. तिचे वडील गावाचे पाटकरी होते. झऱ्याचं पाणी कुणाच्या खाचरात कधी सोडायचं, ते ठरवायचे. त्यांच्याशी कुणी भांडत नसे, कारण ते स्वतःचं खाचर सगळ्यांत शेवटी भिजवायचे.

त्यांच्या देशात पूर्वी सगळा कारभार राजधानीतून चालायचा. मग जुनी सत्ता गेली आणि कारभार जिल्ह्यांकडे आला. परवाने जिल्ह्यात, योजना जिल्ह्यात. लोकांना वाटलं, आता आपली माणसं आपलं बघतील. सुलास्त्री सांगायची, "आधीचा साहेब लांबून लुटायचा, त्याला आमचं घर माहीत नव्हतं. आताचा साहेब घरी येतो, आईच्या हाताला कपाळ लावतो, भाताची चव वाखाणतो आणि मग लुटतो." हे सांगताना ती इतकं गोड हसायची की लांबून बघणाऱ्याला वाटावं, माहेरच्या लग्नाचं कौतुक चाललंय.

तिच्या गावच्या सभेची गोष्ट तिने मला एका दमात सांगितली नाही. तुकड्यातुकड्याने सांगितली. त्यांच्याकडे गावच्या सभेत हात वर करून मोजणी करत नाहीत. बोलत बसायचं, सगळ्यांचं मन एक होईपर्यंत. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं असभ्यपणाचं. नको असेल तर माणूस गप्प बसतो, आणि म्हाताऱ्या जाणत्यांनी ते गप्प बसणं ओळखायचं असतं. तिचे वडील ओळखायचे. कुणी मान खाली घालून चटईची काडी सोलत बसला की म्हणायचे, आज राहू दे, पुढच्या आठवड्यात बसू.

मग एक दिवस जिल्ह्याची माणसं आली, सोबत पाणी बाटल्यांत भरून विकणाऱ्या कंपनीची माणसं. झऱ्याजवळ खोल बोअर घ्यायची होती. सभा जमवून आणली विबोवोने. तो नियोजन कचेरीतला आणि गावचा जावई, म्हणून लोक विश्वासाने आले. दारात एक कागद ठेवला होता, नाव आणि सही. आलेल्यांची नोंद, असं सांगितलं. सगळ्यांनी सह्या केल्या. सुलास्त्री मागे बायकांबरोबर होती, चहाचा ट्रे घेऊन. तिनेही केली. साहेबाने विचारलं, कुणाची हरकत? सगळे गप्प. पुरुष चटईच्या काड्या सोलत होते. साहेबाने टाळी वाजवली आणि जेवणाचे डबे वाटले.

दोन महिन्यांनी परवान्याचा कागद आला. वर लिहिलं होतं, ग्रामस्थांची एकमताने संमती. खाली जोडला होता तोच दारातला कागद.

दुसऱ्या वर्षी झरा अर्ध्यावर आला. खालच्या खाचरांना पाणी पोचेना. तिच्या वडिलांच्या दारात लोक भांडायला येऊ लागले. आयुष्यात पहिल्यांदा.

हे ऐकून मला पहिला राग माझाच आला. आमच्या गावात ग्रामसभेचं रजिस्टर घरोघर फिरायचं. शिपाई दारात उभा राहायचा, आई पिठाचा हात पुसून शाईचा अंगठा लावायची. माझी चौथी झाली होती, मला वाचता येत होतं. मी न वाचता सही करायचे आणि रजिस्टर परत द्यायचे. त्या सह्यांवर काय काय मंजूर झालं असेल, देव जाणे.

विबोवो वाईट माणूस नव्हता. मला बघून उठून उभा राहायचा, खुर्ची द्यायचा. पण त्याचा इथला प्रबंध होता जिल्ह्याच्या कारभारातल्या लोकसहभागावर. ही गोष्ट सुलास्त्रीला ठाऊक होती. त्यात एक प्रकरण तिच्याच गावावर आहे हे तिला ठाऊक नव्हतं. एके दिवशी जेवणाचं टेबल पुसताना तिने त्याचे कागद उचलले, तर मध्ये फोटो. चटया, साहेब, डबे, आणि मागे ट्रे घेऊन उभी असलेली ती स्वतः. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'निर्णयप्रक्रियेत महिलांचा सहभाग.'

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत ती सारखी हसत होती. मी तिच्या हातातली चादर काढून घेतली आणि तिला खाली बसवलं.

तिने नवऱ्याला सांगितलं, ते प्रकरण काढ. तो म्हणाला, कचेरीने हेच लिहायला पाठवलंय, परत गेल्यावर बढती यावरच आहे. मी नाही लिहिलं तर दुसरा लिहील. ती म्हणाली, दुसऱ्याला लिहू दे, दुसऱ्याचे वडील पाटकरी नाहीत. दोघांचं भांडण इतक्या हळू आवाजात चालायचं की शेजारच्यांना वाटायचं, नमाज चाललाय.

मग त्याच्या कॉलेजात एका शनिवारी दुपारी परदेशी विद्यार्थ्यांनी आपापलं काम दाखवायचं ठरलं. खाणं बायकांनी करायचं. तिने तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या तळल्या, मी बटाटेभजी केली, आणि आम्ही दोघी भिंतीजवळ टेबल मांडून उभ्या राहिलो. विबोवोने भिंतीवर तो फोटो लावला. खूप मोठा. ट्रेमधले कपसुद्धा मोजता येत होते.

त्याचे प्राध्यापक पुढे बसले होते. त्यांनी विचारलं, महिलांचं मत काय पडलं?  विबोवोने आमच्याकडे बघितलं नाही. म्हणाला, त्यांचा पूर्ण पाठिंबा होता.

सुलास्त्रीने हातातली बशी ठेवली. ती पुढे गेली नाही, जागेवरूनच बोलली. "माफ करा. फोटोतली ती बाई मी आहे. मला कुणी काही विचारलं नाही. मी चहा देत होते."

 ती पुढे म्हणाली, "माझी सही मी आले म्हणून होती. त्यांनी ती मी हो म्हटलं म्हणून लावली. आता माझ्या वडिलांच्या खाचरात पाणी नाही."

मला वाटलं, आता हे शिकलेले लोक पेटून उठतील. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले की हे फारच उद्बोधक आहे. मग विबोवोला म्हणाले, हा मुद्दा तळटीप म्हणून घालायला हरकत नाही. एकजण म्हणाला, अशा त्रुटी सुरुवातीला राहतातच. मग सगळे उठले आणि भजी खायला आले. एका बाईने मला कृती विचारली.

मी कृती सांगितली. माझ्या शेजारी माझी मैत्रीण उभी होती, आणि मी बेसन किती, ओवा किती ते सांगत बसले. तो दिवस आठवला की आजही माझा जीव जळतो. एका गावचं पाणी गेलं आणि यांनी त्याला पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा दिली. तीही उपकार केल्यासारखी.

विबोवोने प्रबंधातून फोटो काढून टाकला. प्रकरण राहिलं.

त्याच सुमारास माहेरून फोन आला की कंपनीला दुसरी बोअर हवी आहे, पुन्हा सभा आहे. नवऱ्याचं शिक्षण संपायला सात महिने होते. सुलास्त्री म्हणाली, मी जाते. तो नको म्हणाला, त्याच्या साहेबांसमोर ती उभी राहिली तर त्याची नोकरी राहणार नाही. ती त्याला म्हणाली, मग तू इथे शांतपणे तुझी तळटीप लिही.

मी तिला कोच स्टेशनवर सोडायला गेले. विबोवोही आला होता, तिची बॅग त्यानेच उचलली होती. कोच यायच्या आधी मी तिला विचारलं, तुझं कोण ऐकणार तिथे? ती म्हणाली, "ऐकायचं की नाही ते त्यांचं ते बघतील. मी गप्प बसले असं मात्र त्यांना लिहिता येणार नाही. आणि म्बाक, या वेळी दारातल्या कागदावर मी सही करणार नाही. आमच्या वाडीतली एकही बाई करणार नाही."

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. आम्हा दोघींनाही वाटलं. चूक झाली ती तिथे.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला रिसीव्हर कानात खुपसावा लागला. सभा झाली होती. बायका आल्या होत्या, सह्या न करता आत गेल्या होत्या. ती बोलली होती. साहेबांनी मान डोलावली, आभार मानले, डबे वाटले. महिन्याने परवाना आला. ग्रामस्थांची एकमताने संमती, हरकत कुणाचीही नाही. खाली सह्यांचा कागद, पलीकडच्या वाडीतल्या पुरुषांचा.

तो कागद घेऊन ती जिल्ह्याच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकून बाईने तिला बसायला दिलं, पाणी दिलं, बाटलीतलंच. मग यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ताई, तुमचं नाव यात नाही. यादीत नाही म्हणजे तुम्ही सभेला नव्हता. जे सभेला नव्हते त्यांची हरकत नोंदवता येत नाही.

"सही केली तेव्हा मी हो म्हणाले," सुलास्त्री फोनवर म्हणाली. "नाही केली तेव्हा मी आलेच नाही. मग आमच्यासारखीने करायचं काय, म्बाक?"

  दुसरी बोअर झाली. तिच्या वडिलांनी पाण्याच्या पाळ्या लावणं सोडलं, लावायला पाणीच नव्हतं. विबोवो पास होऊन मायदेशी परत गेला, पुढे त्यांचं काय झालं मला कळलं नाही. तिचा नंबर बदलला, मी घर बदललं. लाँड्रीत माझ्यासमोर चादरीला दुसरी बाई आली.

मी कधी कुणासमोर बोलले नाही आणि हे कुणी वाचावं असंही माझ्या मनात नाही. पण तिकडे एका कचेरीत एक कागद आहे आणि तो खोटा आहे. म्हणून खरं काय ते मी इथे लिहून ठेवते, तिने फोनवर सांगितलं तसं.

सुलास्त्री त्या सभेला हजर होती. पुढच्या रांगेत बसली होती, खिडकीच्या बाजूला. तिच्या मागे तिच्या वाडीतल्या सगळ्या बायका होत्या. चहा त्या दिवशी पुरुषांनी दिला. हरकत विचारल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "हा झरा आमच्या खाचरांचा आहे. आम्ही नाही म्हणतो." सभेची नोंद लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवलं होतं. तो उचलेल म्हणून ती थांबली, आणि त्याने उचललं नाही तेव्हा तिने तेच पुन्हा सांगितलं.