अण्णांची आधी अंघोळ

परवा शेजारच्या गोदामावरचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवायला माणसं आली. मुकादम प्रत्येक पत्र्यावर आधी पाणी मारत होता. "यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ताई. कोरडा पत्रा फुटला की धूळ छातीत जाते," तो म्हणाला. मी खिडकी लावून घेतली आणि मला अण्णा आठवले.

माझे वडील, अण्णा, असेच पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. संध्याकाळी ते आले की मी धावत जायची, आणि ते हात आडवा धरून म्हणायचे, "थांब, लांब राहा. आधी अंघोळ." कामाचे कपडे ते स्वतः मागच्या नळावर भिजवून धुवायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत. चाळीतल्या बायका हसायच्या. मला वाटायचं, अण्णांना मी आवडत नाही.

कारखान्यात कुणी काही सांगितलं नव्हतं. सोबतच्या कामगाराला खोकला लागला, मग त्याचे कपडे धुणाऱ्या बायकोलाही लागला. तेवढ्यावरून अण्णांनी ओळखलं. स्वतःची छाती मात्र त्यांना वाचवता आली नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते त्याच आजारात गेले. आजारपणात एकदा मी विचारलं, "कळलं होतं, तर नोकरी का नाही सोडली?"

"तुझी शाळा चालू होती," ते म्हणाले.

आज सकाळी ऐंशीची आई बाजारातून आली आणि कुठेही न थांबता दोन जिने चढली. तिचा श्वास जराही फुलला नव्हता. तिच्यामागून चढताना मी मनातल्या मनात अण्णांचे आभार मानले.